आयलीनची फितुरी

शुक्रवारी सकाळी माशांच्या दुकानात बेबिंगनं बांगुस मासा निवडता निवडता सहज म्हटलं, "तुझी आयलीन हल्ली दर गुरुवारी टेकडीवर असते, नाही का?" आणि लुमिंगच्या हातातला मासा परत बर्फावर पडला.

बेबिंग सहज म्हणून काही बोलत नाही, हे लुमिंगला अर्ध्या आयुष्याच्या अनुभवानं ठाऊक होतं. दोघींचं गाव एकच, फिलिपिन्समधल्या इलोकोसमधलं. दोघींचे नवरे एकाच सुमारास अमेरिकेच्या नौदलात साहेबलोकांना जेवण वाढायला म्हणून लागले आणि दोघी कॅलिफोर्नियातल्या नॅशनल सिटीत एकाच रस्त्यावर म्हाताऱ्या झाल्या. बेबिंगच्या मांडीचं हाड मोडलं तेव्हा लुमिंगनं तिला महिनाभर जेवण पोचवलं होतं. त्या जेवणात मीठ कमी असायचं, हे बेबिंगनं रस्त्यावरच्या प्रत्येक घरात पोचवलं होतं. मैत्री अशी घट्ट.

टेकडीवर म्हणजे टेकडीवरच्या लूथरन चर्चमध्ये, आणि चर्चमध्ये म्हणजे मिसेस लिंडग्रेनच्या राज्यात. त्या बाईनं चर्चच्या तळघरात खलाशांच्या कुटुंबांना धान्य, डबाबंद खाणं, डायपर असं सगळं वाटायला सुरुवात केली त्याला आता बरीच वर्षं झाली होती. पण लुमिंगच्या लेखी ती अजून 'नवीनच' होती, कारण तिच्या कितीतरी आधीपासून डुमलाओंच्या, म्हणजे लुमिंगच्याच, गॅरेजमध्ये बोडेगा होती.

बोडेगा म्हणजे कोठार. आधी ते एक कपाट होतं, मग एक भिंत झाली, मग गॅरेजमधून गाडी बाहेर गेली ती कायमचीच. लुमिंगचा नवरा पिलो पावसात गाडी पुसताना म्हणायचा, की नोकरीभर राबून मी या गाडीला एक छत मिळवून दिलं होतं, बायकोनं ते तांदळाला दिलं. बत्तीसाव्या रस्त्यावरच्या नौदलाच्या तळावर नव्यानं आलेली पोरं, विशी-बाविशीची, खालच्या हुद्द्याची, या शहराचं घरभाडं भरता भरता टेकीला यायची. नवरा जहाजावर गेला की मागं बायको एकटी, पदरात तान्हं मूल, माहेर दोन हजार मैलांवर. अशा मुली शनिवारी बोडेगात यायच्या. तांदूळ, दुधाची पावडर, डायपर, वापरलेला पण धडका पाळणा, धुतलेली दुपटी, जे लागेल ते न्यायच्या. कोणाच्या नवऱ्याच्या गणवेशाची शिवण उसवली असेल तर तीही लुमिंग घालून द्यायची.

आणि दारातच खुर्ची टाकून बसायची. नवरा कुठल्या जहाजावर, परत कधी, आई कुठं असते, सासू बोलते का, बाळ असं किडकिडीत का, आणि पहिलं अजून चालत नाही तर दुसऱ्याची घाई कशाला, हे सगळं कळल्याशिवाय तांदळाची पिशवी जागची हलत नसे. त्यात दुष्टपणा काडीचा नव्हता. ज्या पोरीला इथं कोणी नाही तिला चौकशी करणारी एक म्हातारी तरी असावी, असं तिला मनापासून वाटायचं. पुष्कळजणींना ते आवडायचंही. बदली होऊन गेल्यावर त्या नाताळात मुलांचे फोटो धाडायच्या. ज्या एकदाच येऊन पुन्हा फिरकल्या नाहीत त्यांचीही बदली झाली असणार, असं लुमिंग धरून चालायची.

या बोडेगाची वारस म्हणून तिनं मनात धरली होती आयलीन, तिच्या मुलीची, मारिविकची मुलगी. तांदळाच्या पोत्यांवर लोळत वाढलेली, आजीसारखीच हट्टी. आता तिलाही खलाशी नवरा होता, ट्रेव्हर नावाचा, आणि दोन लहान मुलं होती. ट्रेव्हरचं जहाज उन्हाळ्यात गेलं, त्याची परतायची तारीख पुढं गेली, आणि तेव्हापासून आयलीन शनिवारची यायची थांबली. कधी बाळाला सर्दी, कधी मोठ्याला ताप, कधी गाडी बंद. लुमिंगला सगळं खरं वाटलं होतं. आणि ही बया गुरुवारी टेकडीवर जाऊन लिंडग्रेनच्या डब्यांची चळत लावत होती.

घरी आल्यावर मासा तसाच ओट्यावर टाकून तिनं लिंडग्रेनबाईंना फोन लावला. दोघी एकमेकींशी इतक्या गोड बोलायच्या, की ऐकणाऱ्याच्या दाताला कीड लागावी. हवापाण्याचं बोलून झाल्यावर लुमिंग म्हणाली, की आमच्या आयलीनची तुम्हाला चांगली मदत होत असेल. पलीकडं जरा वेळ शांतता. मग लिंडग्रेनबाई म्हणाल्या, "आयलीन आली की आम्हाला आनंदच होतो."

"कशी मिरवतेय बघ," फोन ठेवून लुमिंग पिलोला म्हणाली. पिलोनं कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं. हा त्याचा जुना उपाय होता.

रविवारी पिलोचा ऐंशीवा वाढदिवस होता. सगळे जमणार होते, आणि त्याच दिवशी बोडेगाचा निकाल लावायचा असंही ठरलं होतं. लुमिंगच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख लागली होती आणि डॉक्टरांनी काही महिने उभं राहायला बंदी केली होती. थोरला मुलगा गार्दो स्वतः नौदलातून निवृत्त झालेला, आता घरांची दलाली करणारा. त्याचं म्हणणं, बोडेगा बंद करून सगळा माल टेकडीवर द्यावा, त्यांच्याकडं जागा आहे, माणसं आहेत. त्याची बायको टेस गेली काही वर्षं बोडेगाचं निम्मं काम उपसत होती, आणि ती आपल्याकडं यावी असं तिला वाटत होतं, पण सासूसमोर तसं म्हणायची तिची छाती होत नव्हती. टेस प्रत्येक वस्तू प्लास्टिकच्या डब्यात घालून झाकण लावते, हा लुमिंगचा तिच्यावरचा मुख्य आक्षेप. मारिविक नर्स. तिला रुग्णालयाच्या पाळ्यांतून श्वास घ्यायला फुरसत नव्हती, पण भावाचं म्हणणं हाणून पाडायला मात्र ती कायम मोकळी असायची.

अंगणात लिंबाच्या झाडाखाली टेबलं मांडली होती. शेवयांचं पानसित लुमिंगनं स्वतः केलं होतं. शेवया जितक्या लांब तितकं आयुष्य लांब, म्हणून त्या वाढताना कोणी तोडल्या तर तिची नजर त्याला जाळायची. गार्दोनं माईक हातात घेऊन दोन गाणी म्हणून झाली होती आणि शेजारच्या कुत्र्यानं तिसऱ्याला साथ धरली होती, तेव्हा आयलीन आली. कडेवर बाळ, हाताला मोठा मुलगा, दुसऱ्या हातात घरी केलेल्या फ्लान पुडिंगचं ताट. तिची मनगटं बारीक झालेली लुमिंगला दिसली. पण रागावलेल्या माणसाला दिसलं तरी कळत नाही.

तिनं नातीच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला खरा, पण तो चर्चमधल्या परक्या बाईला द्यावा तसा. पंक्तीत तिला पार टोकाला, बर्फाच्या पेटीशेजारी बसवलं. मारिविकनं भावाकडं पाहिलं, भावानं बायकोकडं, टेसनं पानात. डुमलाओंच्या घरात कोणाला कुठं बसवलं यावरून राजकारण कळायचं, आणि बर्फाच्या पेटीशेजारी आजवर फक्त गार्दो बसला होता, तेही तो एका घटस्फोटितेच्या प्रेमात होता त्या वर्षी.

जेवणं अर्धी झाल्यावर लुमिंगनं चमच्यानं पेल्यावर टकटक केली. गार्दोला वाटलं वाढदिवसाचं भाषण. तो माईक घेऊन उठला, त्याला तिनं नजरेनंच खाली बसवलं.

"बोडेगाचं ठरवायच्या आधी एक सांगायचंय," ती म्हणाली. "या घरात कोणीतरी फितूर आहे."

टेबलावर मग डुमलाओंच्या घरात नेहमी होतं तेच झालं. मारिविकनं हात वर करून कबूल केलं की गेल्या नाताळात आईनं दिलेला स्वेटर तिनं रुग्णालयातल्या रखवालदाराला दिला. गार्दो म्हणाला, मग मीही सांगून टाकतो, मागच्या वाढदिवसाचं डुकराचं मांस मी भाजलं नव्हतं, विकत आणून घरी फक्त गरम केलं होतं. टेस इतकी घाबरली होती की तिनं कोणी विचारलं नसताना सांगितलं, की ती कधीकधी इन्स्टंट भात करते. यावर मात्र खरोखरची शांतता पसरली.

"ते आपण नंतर बघू," लुमिंग सुनेला म्हणाली. "मी आयलीनबद्दल बोलतेय."

मग तिनं सगळं सांगितलं. बेबिंग, गुरुवार, टेकडी, लिंडग्रेनबाईंचा फोन. घरी शनिवारी हिला वेळ नसतो, आणि तिकडं मात्र दर आठवड्याला हजेरी. घरची म्हणते देवा देवा आणि बाहेरचीला चोळी शिवा, असला हा प्रकार.

सगळ्यांच्या माना टोकाकडं वळल्या. आयलीनच्या हातात बाळाचा चमचा होता. तिनं तो हळूच वाटीत ठेवला आणि म्हणाली, "हो. जाते मी तिकडं. मदतीला."

तिची एवढी कबुली मिळताच टेबलाचे पक्ष बदलले. गार्दोला तर लॉटरी लागल्यासारखं झालं. तो म्हणाला, बघा, जिला वारस म्हणत होता ती पोरगीच शहाणी निघाली, आता बोडेगा टेकडीवर न्यायला कोणाची हरकत आहे. मारिविक मुलीच्या बाजूनं भांडायला तयार होऊन बसली होती, पण मुलीनं आपल्यालाही काही सांगितलं नाही म्हणून तिलाच राग आला आणि ती आईच्या बाजूला जाऊन बसली, म्हणजे अक्षरशः खुर्ची उचलून. टेसला आत कुठंतरी बरं वाटलं. वारस फितूर झाली, म्हणजे डब्यांना चांगले दिवस आले.

थट्टा सुरू झाली. लिंडग्रेनबाई तुला कॉफी पाजतात की नुसतं गरम पाणी? तिथं गाणं म्हणतच डबे लावावे लागतात का? गार्दोला कामाच्या गोष्टी हव्या होत्या. माल आणायला त्यांचा ट्रक आहे का, काम करणारे किती वाजता जमतात, शीतगृह केवढं आहे. आयलीन हसत हसत उत्तरं देत होती आणि प्रत्येक उत्तर जरासं चुकत होतं. ट्रक असेल बहुतेक. शीतगृह आतल्या बाजूला असावं. टेसनं मान वर केली. तळघराच्या आत दर आठवड्याला काम करणाऱ्या बाईला शीतगृह कुठं आहे हे माहीत नाही, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही. तिच्या चेहऱ्यावरचं बरं वाटणं ओसरलं.

"जाऊ द्या ना, नानांग," ती सासूला म्हणाली. "फ्लान कापायचं का? बाबांना कधीचं हवंय."

टेसनं सासूला मध्येच थांबवण्याची ही पहिलीच वेळ असावी. लुमिंगच्या ते लक्षात आलं आणि त्यामुळेच ती थांबली नाही.

"मला एवढंच सांग," ती नातीला म्हणाली. "त्या तळघरात असं काय आहे, जे माझ्या बोडेगात नाही?"

आयलीननं बाळाचं तोंड पुसलं. मग बर्फाच्या पेटीकडं बघत आजीला म्हणाली, "तिकडं कोणी काही विचारत नाही, लोला."

"काय विचारत नाही?"

"काहीच. रांगेत उभं राहायचं, पिशवी घ्यायची, निघायचं." तिनं वाटीतला चमचा सरळ केला. "मी तिकडं काम करत नाही. मी घ्यायला जाते."

शेजारचं कुत्रं भुंकायचं थांबलं होतं. गार्दोच्या हातातला माईक चालूच राहिला होता, त्यातून त्याचा श्वास अंगणभर ऐकू येत होता. टेसनं हात लांबवून तो बंद केला.

आणि मग सगळे एकदम बोलायला लागले. गार्दो म्हणाला, माझ्या एका रिकाम्या घराची किल्ली उद्याच घेऊन जा. मारिविक रडू आवरत म्हणत होती, मला का नाही सांगितलंस, मी तुझी आई आहे की कोण. आयलीन म्हणाली, तुला सांगितलं असतं तर फोन ठेवायच्या आत लोलाला कळलं असतं, आणि लोलाला कळलं की बेबिंगला. हे इतकं खरं होतं की मारिविकला रडताना हसू आलं. कोणी म्हणालं माझी जुनी गाडी ने, कोणी म्हणालं आमचा दुसरा फ्रीज ने. जितकी मदत समोर येत होती तितकी आयलीन खुर्चीत लहान होत होती.

लुमिंगनं मात्र काहीच देऊ केलं नाही. ती उठली, टेबलाला धरत धरत टोकापर्यंत गेली आणि नातीसमोर उभी राहिली.

"कधीपासून?" तिनं विचारलं. "ट्रेव्हरला माहितेय का? घरभाडं थकलंय का? आणि तू जेवतेस का, की सगळं मुलांना घालतेस? बाळाचं दूध तरी..."

आयलीननं तिच्याकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांवर हसू.

"हेच, लोला," ती हळूच म्हणाली. "हेच."

लुमिंगनं तोंड मिटलं. पुढचा प्रश्न जिभेवर आला होता, तो तिनं गिळला. पिलो उठून पानसितचं भांडं घेऊन आला. त्यानं आयलीनच्या पानात एक मोठा चमचा वाढला, शेवया मधेच तोडून, कारण त्याचे हात थरथरायचे. लुमिंग त्यावर काही बोलली नाही, तेव्हा सगळ्यांना कळलं की प्रकरण गंभीर आहे.

ती स्वयंपाकघरात गेली आणि भांडी घासायला लागली, जी आधीच घासलेली होती. थोड्या वेळानं पिलो मागून आला. यंत्र कानात होतं. म्हणजे त्याला काहीतरी बोलायचं होतं.

"आपली मारिविक पोटात होती," तो म्हणाला. "मी जहाजावर. तळावरच्या मदतीच्या खिडकीत दुधाचे डबे मिळायचे. तू तिथं गेली नाहीस."

"तिथं आपल्या गावची पुरिफिकासिऑन बसायची," लुमिंग म्हणाली. "अख्ख्या इलोकोसला कळलं असतं."

"म्हणून दोन बसेस बदलून कुठल्यातरी गोऱ्यांच्या चर्चमध्ये गेलीस. काळा चष्मा लावून, भर पावसात. चष्म्यानं दिसेना म्हणून खांबाला धडकलीस. मी परत आल्यावर मला हसून हसून सांगितलंस." त्यानं फडकं घेऊन एक कोरडीच ताटली पुसली. "मला तेव्हा हसू आलं नव्हतं."

लुमिंग नळाखाली हात धरून उभी राहिली. चष्मा आठवत होता. खांबही आठवत होता. पण ही गोष्ट तिनं इतक्यांदा विनोद म्हणून सांगितली होती, की त्यातली बाई आपणच होतो हे तिच्या मनातून गेलं होतं. आणि तिला त्या एकदाच आलेल्या मुली आठवल्या. निळ्या जॅकेटातली एक, जुळ्यांची आई एक, दाराशी येऊन खुर्ची पाहून मागं फिरलेली एक. बदल्या झाल्या असणार, असं म्हणत होतो आपण.

"मी म्हणजे आता पुरिफिकासिऑन झाले का रे?" तिनं विचारलं.

"तिचा आवाज बरा होता," पिलो म्हणाला.

उन्हं कलली तेव्हा पाहुण्यांतले बरेच गेले होते. आयलीन झाडाखाली चटईवर मुलांना निजवत होती. लुमिंग तिच्याशेजारी खुर्ची घेऊन बसली आणि काहीही न विचारता बसून राहिली. आयुष्यात इतकं अवघड काम तिनं केलं नव्हतं. बाळ झोपलं, मोठ्याचाही डोळा लागला. मग आयलीन आपणहून बोलायला लागली. मोठ्याला पाळणाघरात ठेवायचा खर्च पगाराहून वर जायला लागला म्हणून तिनं नोकरी सोडली होती. ट्रेव्हर येईपर्यंत भागेल असं वाटलं, तर तारीख पुढं गेली आणि गाडीनं मान टाकली, तिच्या दुरुस्तीत होतं ते संपलं. ट्रेव्हरला तिनं सांगितलं नव्हतं. समुद्रात असलेल्या माणसाला काय सांगायचं. लुमिंग ऐकत होती. मध्ये दोनदा तिचं तोंड उघडलं, दोनदा मिटलं.

"उद्यापासून तुझं सामान बोडेगातून जाईल," शेवटी ती म्हणाली. "गाडीत कोणी ठेवलं, कधी ठेवलं, कोणाला कळणार नाही. मलासुद्धा."

आयलीननं मान हलवली. "नको, लोला. ट्रेव्हर येईपर्यंत मी गुरुवारी टेकडीवरच जाईन. तिथं मी एक खलाशाची बायको असते, बस. इथं आले तर मी तुझी नात असते, आणि मग सगळे माझ्या पिशवीत डोकावणार."

लुमिंगला हे फार लागलं. जन्मभर लोकांना द्यायचं, आणि घरातल्याच पोरीनं ते नाही म्हणायचं. दिव्याखाली अंधार तो हा. पण दोन बसेस बदलणारी बाई आत कुठंतरी अजून चष्मा लावून उभी होती, आणि तिला नातीचं म्हणणं पटत होतं.

"आणि शनिवारी?" तिनं विचारलं. हा प्रश्न विचारायला हरकत नसावी.

"शनिवारी मी कामाला येते. पण तू दारात बसायचं नाहीस."

"मग कुठं बसू?"

"आत. शिलाईच्या मशीनवर. गणवेश आले तर शिव."

"आणि दारात तू."

"दारात कोणीच नाही. टेसमामीला सगळं डब्यात भरून टेबलावर मांडू दे. ज्याला जे हवं ते तो उचलेल. झाकण लावलं की पिशवीत काय आहे ते दिसत नाही, लोला. म्हणून लोकांना ते डबे आवडतील."

डब्यांचा असाही उपयोग असतो हे लुमिंगच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. तिनं स्वयंपाकघराकडं बघत सुनेला हाक मारली. टेस हात पुसत आली, इन्स्टंट भाताची सुनावणी असेल या तयारीनं. लुमिंग तिला म्हणाली, की गुडघा होईपर्यंत आणि झाल्यावरही बोडेगा तू आणि आयलीन बघा, आणि तुझे ते डबे किती लागतील तेवढे आण. टेसनं कोरडे झालेले हात पुन्हा पुसले. गार्दोनं लांबूनच विचारलं, म्हणजे टेकडीचं रद्द का? त्याची बायको आणि बहीण आयुष्यात पहिल्यांदा एकमतानं म्हणाल्या, "तू गप्प बस."

त्या आठवड्यात लुमिंगनं लिंडग्रेनबाईंना पुन्हा फोन केला. या वेळी हवापाणी झालंच नाही. ती म्हणाली, "परवा मी आयलीनबद्दल विचारलं, तेव्हा तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"काय सांगितलं नाही?" लिंडग्रेनबाईंनी विचारलं.

लुमिंगनं फोन दुसऱ्या कानाला लावला. तेव्हाची ती शांतता कसली होती हे तिला आता कळलं. मग ती म्हणाली, की आमच्याकडं पाळणे जास्त झालेत, तुम्हाला हवे असतील तर गार्दो आणून टाकेल. बाई म्हणाल्या, हवेत. एवढंच बोलणं झालं, आणि त्यात पहिल्यांदाच साखर नव्हती.

बोडेगाचे पुढचे शनिवार लुमिंगनं मशीनवर काढले, आणि शस्त्रक्रियेनंतरचे, पाय उशीवर ठेवून, आतल्या खिडकीशी. बाहेरचे आवाज यायचे, डब्यांची झाकणं वाजायची, कोणाचं तरी बाळ कुरकुरायचं. कोण आलं, कुठल्या जहाजाचं, काही कळायचं नाही. पहिल्या दिवशी तिला वाटलं आपलं डोकं फुटणार. नंतर एक गंमत झाली. काही मुली सामान घेऊन झाल्यावर आपणहून खिडकीशी थांबायला लागल्या. बाळाचं नाव सांगायच्या, नवऱ्याचा फोटो दाखवायच्या. एक जुळ्यांची आई तर बोलता बोलता रडून घेऊन मग तांदूळ विसरून निघाली, तिला परत बोलवावं लागलं. लुमिंगनं यातलं काही विचारलं नव्हतं. हे ती पिलोला रोज जेवताना सांगायची, आणि पिलो रोज यंत्र कानात ठेवून ऐकायचा.

गुरुवारी आयलीन मुलांना आजी-आजोबांकडं सोडून जायची. मुलांना पिलो सांभाळायचा आणि त्यांना कसं सांभाळावं हे लुमिंग पलंगावरून सांगायची. आयलीन कुठं चालली, कधी येणार, हे घरात कोणी बोलायचं नाही. परत आल्यावर ती पिशव्या सरळ गाडीत ठेवायची आणि लुमिंग त्या वेळी भिंतीवरचं कॅलेंडर बघायची.

एका गुरुवारी मात्र पाऊस होता, मुलं झोपली होती, म्हणून आयलीननं पिशवी घरात आणली आणि आजीच्या शेगडीवर सूप टाकलं. टेकडीवरचे पांढरे घेवडे, कांदा, घरातला थोडा टोमॅटो. वाडगा भरून तिनं लुमिंगच्या पलंगाशी आणून ठेवला आणि शेजारी बसली.

घेवडे कुठले हे लुमिंगला डब्यावरच्या चर्चच्या चिठ्ठीवरून केव्हाच कळलं होतं. तिनं चमचा उचलला. एक घास घेतला, मग दुसरा. पिलो दारात उभा राहून बघत होता. वाडगा निम्मा संपला तरी ती काही बोलेना, तेव्हा आयलीनलाच राहवलं नाही. तिनं विचारलं, "कसं झालंय?"

"मीठ कमी आहे," लुमिंग म्हणाली. मग तिनं वाडगा पुढं केला. "घेवडे चांगले आहेत. अजून वाढ."